संकेतस्थळावरील छायाचित्रांस स्वतंत्र नाव कसे द्यावे

शाळेत वर्षभर जे उपक्रम होतात, प्रवेशोत्सव, वृक्षारोपण, ध्वजवंदन, बालआनंद मेळावा, स्नेहसंमेलन, त्यांची छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. छायाचित्र कसे घ्यावे, प्रकाश कोणत्या बाजूने असावा, मुले कशी उभी करावीत, याविषयी शिक्षकबंधुभगिनींस पुष्कळ सूचना मिळतात. परंतु ते चित्र संगणकात ज्या नावाने साठविले जाते त्या नावाविषयी फारसे कोणी बोलत नाही. नाव ही किरकोळ बाब आहे, असा सर्वसाधारण समज असतो. या किरकोळ बाबीपायी मूळ चित्रच नाहीसे होऊ शकते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे तो मात्र पुन्हा तसे म्हणणार नाही.

प्रस्तुत लेखकास तो अनुभव आलेला आहे. काही वर्षांपूर्वी काही शाळांची छायाचित्रे एकत्र करून संकेतस्थळावर ठेवण्याचे काम लेखकाकडे आले होते. एका वाडीवरील शिक्षकांनी आपल्या जुन्या शाळेचे चित्र पाठविले होते. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, पुढे ग्रामस्थांनी श्रमदानाने घातलेला ओटा असे ते चित्र होते. फाईलचे नाव साधे होते, ‘शाळा-१’. ते चित्र नीट चढले. आठ दिवसांनी दुसऱ्या एका शाळेचे चित्र आले. त्याचेही नाव ‘शाळा-१’. संगणकाने काही विचारले नाही, सूचनाही दिली नाही. पहिल्या चित्राच्या जागी त्याने दुसरे ठेवले आणि काम पूर्ण झाल्याचे कळविले. पुढे कित्येक दिवस त्या वाडीच्या पानावर परक्या गावची सिमेंटची इमारत दिसत होती. चूक ध्यानात आली तेव्हा जुनी शाळा पाडून नवीन खोल्यांचा पाया खणला गेला होता आणि शिक्षकांनी दूरध्वनी संच बदलला होता. ते चित्र पुन्हा मिळाले नाही. दोष त्या शिक्षकांचा नव्हता, दुसऱ्या शाळेचाही नव्हता. ज्याने चित्रे स्वीकारली, त्याने पाठविणाऱ्याने दिलेले नाव तसेच ठेवले, हा दोष होता. आणि स्वीकारणारा प्रस्तुत लेखकच होता.

असे का होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. संगणकातील एका फोल्डरमध्ये एका नावाची एकच फाईल राहू शकते. त्याच नावाची दुसरी फाईल आली तर संगणकापुढे तीनच मार्ग असतात: नवी फाईल नाकारणे, नवीस वेगळे नाव देणे, किंवा जुनी पुसून नवी ठेवणे. आपण घरी संगणकावर काम करतो तेव्हा तो ‘या नावाची फाईल आधीच आहे, काय करू?’ असे विचारतो. संकेतस्थळाच्या सर्व्हरवर, म्हणजे ज्या दूरच्या संगणकावर ही चित्रे राहतात त्यावर, विचारण्यास कोणी समोर बसलेले नसते. तेथे कार्यक्रम लिहिणाऱ्याने जे सांगून ठेवले असेल तेच घडते. आणि काहीच सांगितले नसेल तर बहुधा जुनी फाईल पुसली जाते.

दोन चित्रांस एकच नाव येणे हा क्वचित घडणारा योगायोग आहे असे वाटत असेल, तर तेही खरे नव्हे. डिजिटल कॅमेऱ्यांतील फाईलींची नावे कशी असावीत याविषयी १९९८ साली जपानमध्ये एक समान नियम ठरला. त्यानुसार नावात चार अक्षरे आणि त्यापुढे ०००१ ते ९९९९ यांपैकी एक क्रमांक असतो. म्हणजे दहा हजारावे चित्र काढले की कॅमेरा पुन्हा ०००१ वर येतो. एकाच कॅमेऱ्यात ही स्थिती, मग शेकडो कॅमेऱ्यांतून येणाऱ्या चित्रांविषयी काय बोलावे! पुष्कळ दूरध्वनी संच आता चित्र काढल्याची तारीख व वेळ नावात घालतात. ही सुधारणा खरी, पण आपल्याकडे चित्रे बहुधा व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत येतात. अँड्रॉइड संचावर व्हॉट्सॲप आपल्याकडे आलेल्या चित्रास स्वतःचे नाव देते: प्रथम ‘आयएमजी’, मग तारीख, मग ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे आणि चार अंकी क्रमांक. हा क्रमांक त्या त्या संचापुरता आणि त्या त्या दिवसापुरता असून त्याचा आरंभ दररोज नव्याने होतो. यामुळे १५ ऑगस्ट रोजी तालुक्यातील प्रत्येक शिक्षकाच्या संचात एकाच नावाचे पहिले चित्र असते, एकाच नावाचे दुसरे असते आणि तिसरेही. नावे जुळणार नाहीत अशी आशा करण्यास येथे काही जागाच उरत नाही.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रत्येक शाळेच्या कपाटात कित्येक वर्षांपासून आहे. ते म्हणजे जनरल रजिस्टर. वर्गात दोन सुनीता असू शकतात; दोघींच्या वडिलांचे नाव आणि आडनावही एकच असू शकते. तरीही दाखला देताना घोटाळा होत नाही, कारण प्रत्येकीचा रजिस्टर क्रमांक निराळा असतो. हा क्रमांक मुलीने घरून आणलेला नसतो. शाळेत दाखल होताना तो मुख्याध्यापक देतात. मूल शाळा सोडून गेले तरी तो क्रमांक दुसऱ्यास दिला जात नाही. आणि त्या क्रमांकात मुलीची जात, जन्मतारीख, पत्ता यांपैकी काहीही नसते. ते सारे त्याच ओळीतील पुढील रकान्यांत असते. क्रमांकाचे काम एवढेच की ती ओळ कोणाची हे निश्चित करणे. संकेतस्थळावरील चित्राच्या नावाकडूनही नेमकी हीच अपेक्षा आहे: नाव स्वीकारणाऱ्याने द्यावे, ते एकदाच वापरावे, आणि वर्णन नावात न घालता नोंदवहीत ठेवावे. संगणकाच्या बाबतीत ही नोंदवही म्हणजे डेटाबेस. त्यात चित्राचे दिलेले नाव, पाठविणाऱ्याकडील मूळ नाव, शाळा, प्रसंग, दिनांक आणि चित्राखाली छापावयाचा मजकूर असे रकाने असतात.

यावर कोणी म्हणेल की, ‘ध्वजवंदन’ असे सुबोध नाव असले तर काय बिघडले? मनुष्यास वाचावयास ते सोयीचे आहे, हे मान्य. पण नाव मराठीत असेल तर काही अडचणी अशा उद्भवतात की ज्या डोळ्यांना दिसतच नाहीत. संगणक देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांत साठवितो. मात्रा, अनुस्वार व हलन्त यांनाही प्रत्येकी तीन बाइट लागतात. संकेतस्थळाच्या पत्त्यात यांतील प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन अक्षरे अशा तीन खुणांनी लिहिला जातो. ‘ध्वजवंदन’ या शब्दात संगणकाच्या गणनेने आठ चिन्हे आहेत. पत्त्यात त्यांच्या बहात्तर खुणा होतात. सर्व्हरवर सामान्यतः जी लिनक्स प्रणाली असते तिच्यात फाईलच्या नावास २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत फार तर पंचाऐंशी चिन्हे. प्रसंग, गाव, दिनांक असे सविस्तर नाव देणाऱ्या उत्साही शिक्षकाचे नाव या मर्यादेवर अडखळते, आणि चित्र का चढत नाही हे त्यास कळत नाही.

याहून सूक्ष्म अडचण आपल्या ‘ऱ’ ची आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातील ‘ऱ’ संगणकात एक अखंड अक्षर म्हणून लिहिता येतो, ‘र’ खाली नुक्ता देऊन लिहिता येतो, आणि ‘र’, हलन्त व न दिसणारे एक सांधणारे चिन्ह अशा रीतीनेही लिहिता येतो. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती तीन निराळी नावे आहेत. एका कळफलकावर टंकलेले नाव दुसऱ्यावर टंकून शोधू गेल्यास ‘अशी फाईल नाही’ असे उत्तर मिळते आणि समोर तर फाईल दिसत असते! देवनागरी अंक व इंग्रजी अंक यांचीही तीच गत. इंग्रजी नावांतही हा धोका अगदीच नाही असे नव्हे. लिनक्स प्रणाली मोठ्या लिपीतील व लहान लिपीतील अक्षरे भिन्न मानते, विंडोज सामान्यतः मानत नाही. म्हणून सर्व्हरवर सुखाने शेजारी राहिलेल्या दोन फाईली कार्यालयातील विंडोज संगणकावर उतरवून घेताना एकमेकींवर पडतात. आपली भाषा नावात नसावी असा याचा अर्थ मुळीच नाही. चित्राखालचा मजकूर शुद्ध मराठीत, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, अवश्य लिहावा. पण तो मजकूर नोंदवहीत असावा.

तर मग सर्व्हरने नाव द्यावयाचे कसे? सर्वांत सरळ रीत म्हणजे रजिस्टरप्रमाणे चढता क्रमांक. ही रीत उत्तम आहे. मात्र क्रमांक देण्याचा अधिकार एकाच हाती असला पाहिजे. दोन लेखनिक एकाच आवक नोंदवहीवर काम करीत आहेत अशी कल्पना करा. पहिल्याने पाहिले, शेवटचा क्रमांक ५६. त्याच क्षणी दुसऱ्यानेही पाहिले, ५६. दोघांनीही आपापल्या पत्रावर ५७ लिहिले. दोघांनी खात्री करून घेतली होती आणि तरीही घोटाळा झाला, कारण पाहणे आणि लिहिणे या दोन क्रियांच्या मध्ये अवकाश राहिला. संगणकात हा अवकाश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका असला तरी तेवढ्यात दुसरे चित्र येऊन उभे राहते. म्हणून ‘या नावाची फाईल आहे काय ते पाहा, नसेल तर लिही’ अशा दोन आज्ञा न देता ‘नसेल तरच निर्माण कर, असेल तर नकार दे’ अशी एकच अखंड आज्ञा द्यावयाची असते. डेटाबेसमध्येही एखाद्या रकान्यातील मूल्य दोनदा येऊ नये असा निर्बंध घालता येतो. कार्यक्रम लिहून घेताना एवढी एक गोष्ट आवर्जून विचारावी. नाव कसेही बनविले असले तरी शेवटचा पहारेकरी हाच असतो.

क्रमांकाविषयी आणखी एक इशारा आपल्या आवक-जावक नोंदवहीवरूनच मिळतो. तिचे क्रमांक दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होतात, म्हणून पत्रावर क्रमांकापुढे तिरकी रेघ ओढून वर्ष लिहावे लागते. वर्ष गाळले की ११२ क्रमांकाची पत्रे वर्षागणिक एक अशी साठत जातात. जो क्रमांक कोठेतरी पुन्हा आरंभास येतो तो एकटा कधीही पुरेसा नसतो. कॅमेऱ्याचे ९९९९ हे त्याचेच उदाहरण होय.

दुसरी रीत म्हणजे चित्र आल्याची वेळच नाव म्हणून वापरणे. काळ पुन्हा परत येत नाही, तेव्हा हे नावही पुन्हा येणार नाही, असा हा युक्तिवाद आहे आणि तो ऐकण्यास पटण्यासारखा आहे. थोडे गणित करून पाहू. समजा, स्वातंत्र्यदिनी सकाळी एका तासात ४०० चित्रे आली. तासाचे सेकंद ३,६००. चारशे चित्रांच्या दोन-दोनच्या जोड्या ७९,८०० होतात. कोणत्याही एका जोडीतील दोन्ही चित्रे एकाच सेकंदात येण्याची शक्यता ३,६०० मध्ये एक. म्हणजे सरासरीने बावीस जोड्या एकाच सेकंदात सापडणार! सेकंदाऐवजी त्याचा दशलक्षावा भाग घेतला तर टक्कर पुष्कळ कमी होते, पण नाहीशी होत नाही. शिवाय सर्व्हरचे घड्याळ दुरुस्त करण्यासाठी मागे सारले गेले तर गेलेली वेळ खरोखरच परत येते. पीएचपी या भाषेत ‘युनिकआयडी’ नावाची एक सोय आहे. तिच्या नावावरून ती एकमेव नाव देत असावी असे वाटते. वस्तुतः ती सेकंदाच्या दशलक्षाव्या भागापर्यंतची वेळच निराळ्या अंकपद्धतीत लिहून देते. पुष्कळ संकेतस्थळे नावाला भुलून तिच्यावर विसंबलेली आढळतात.

तिसरी रीत यादृच्छिक संख्येची, म्हणजे चिठ्ठी टाकून काढल्यासारखी कोणतीही एक संख्या घेण्याची. येथे आपले अनुमान आपल्याला हमखास फसविते. चार अंकी संख्या घेतल्या तर दहा हजार नावे उपलब्ध होतात. तेव्हा पाच हजार चित्रांपर्यंत तरी काळजी नाही, असे मनात येते. प्रत्यक्षात सुमारे १२० चित्रे झाली की कोठेतरी दोन नावे जुळलेली असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक झालेली असते. हे विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. गणिताच्या तासाला करण्याजोगा एक प्रयोग यासाठी सांगतो. ज्या वर्गात तेवीस मुले आहेत तेथे कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. चाळीस मुलांच्या वर्गात ती शंभरात एकोणनव्वद इतकी होते. वर्षाचे दिवस ३६५ आणि मुले अवघी तेवीस, मग असे का? कारण प्रत्येक मुलाची तुलना बाकीच्या प्रत्येकाशी होते आणि तेवीस मुलांच्या जोड्या २५३ होतात. टक्कर जोड्यांत होत असते आणि जोड्या चित्रांच्या संख्येपेक्षा फार वेगाने वाढतात.

हा प्रयोग जुन्या रजिस्टरवरून करू गेल्यास मात्र निराळाच निष्कर्ष हाती येईल. जुन्या पिढीतील कित्येकांची जन्मतारीख १ जून अशी नोंदलेली असते, हे शिक्षकांस सांगावयास नको. खरी तारीख ठाऊक नसली की शाळेत घालताना गुरुजी ती तारीख लिहीत. तेथे तेवीस कशाला, पाचसात नावांतच जुळणी सापडते. हा केवळ विनोद नाही. संगणकातील यादृच्छिक संख्यांचेही असेच होऊ शकते. संख्या काढण्याची रीत दुबळी असेल, किंवा दोन कार्यक्रम एकाच आरंभसंख्येपासून सुरू झाले असतील, तर नावे वरवर विस्कळीत दिसतात पण मुळात थोड्याच नावांभोवती घोटाळत असतात. यास्तव संख्या किती मोठी आहे याबरोबरच ती कोठून काढली हेही पाहावे लागते. साध्या खेळासाठी असलेली यादृच्छिक सोय येथे चालत नाही. संगणकाची मूळ प्रणाली गुप्तलेखनासाठी जी संख्या पुरविते तीच घ्यावी.

या दोन्ही गोष्टी सांभाळून केलेली जी रचना आज सर्वत्र वापरली जाते तिला यूयूआयडी म्हणतात. शून्य ते नऊ हे अंक व ‘ए’ ते ‘एफ’ ही सहा इंग्रजी अक्षरे अशा सोळा खुणांपैकी बत्तीस खुणा तिच्यात असतात आणि वाचण्याच्या सोयीसाठी आठ, चार, चार, चार व बारा असे गट आडव्या रेघांनी पाडलेले असतात. इंटरनेटच्या नियमपत्रांत ही रचना २००५ साली नोंदली गेली आणि मे २०२४ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. तिच्या चौथ्या प्रकारात १२२ द्विमान अंक यादृच्छिक असतात, म्हणजे शक्य नावांची संख्या ५३ वर पस्तीस शून्ये दिल्याइतकी होते. वाढदिवसाचे गणित येथेही लागू आहेच. पण ते लावूनही, दर सेकंदास एक अब्ज नावे अशा वेगाने सुमारे ८६ वर्षे नावे काढीत राहिल्यावर कोठे एक जुळणी होण्याची शक्यता निम्मी होते. एखाद्या जिल्ह्यातील सर्व शाळांनी शतकभर छायाचित्रे चढविली तरी या संख्येच्या जवळपासही आपण जाणार नाही. या रीतीचा मोठा लाभ असा की क्रमांक देण्यासाठी एकच हात लागत नाही; प्रत्येक तालुक्याचा सर्व्हर दुसऱ्यास न विचारता नावे देऊ शकतो आणि पुढे सारी चित्रे एकत्र केली तरी टक्कर होत नाही. २०२४ च्या आवृत्तीत आलेल्या सातव्या प्रकारात आरंभी वेळ व पुढे यादृच्छिक भाग असतो, त्यामुळे नावे आपोआप कालक्रमाने लागतात. डेटाबेसला ते सोयीचे असते. मात्र नावावरून ते केव्हा दिले गेले हे कळते, एवढे ध्यानात असावे.

चौथी एक रीत आहे आणि ती बुद्धीस फार आनंद देणारी आहे. हिच्यात नाव बाहेरून दिले जात नाही, चित्राच्या आशयातूनच ते काढले जाते. फाईलमधील सर्व बाइट एका ठराविक गणिती प्रक्रियेतून नेले की शेवटी एक निश्चित लांबीची संख्या उरते; तिला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ या प्रक्रियेत ती चौसष्ट खुणांची असते. चित्र तेच असेल तर हॅश तोच येतो, आणि एका ठिपक्याचा रंग बदलला तरी हॅश सर्वस्वी निराळा येतो. जणू चित्राच्या बोटाचा ठसाच. यामुळे एकच चित्र दहा वेळा चढविले तरी साठविले एकदाच जाते. जुन्या प्रक्रिया मात्र टाळाव्यात: एमडी-५ या प्रक्रियेत एकच हॅश असलेल्या दोन भिन्न फाईली २००४ साली चिनी संशोधकांनी दाखविल्या, आणि एसएचए-१ ची तीच गत २०१७ साली ॲमस्टरडॅम येथील संशोधन संस्था व गूगल यांनी मिळून करून दाखविली.

हॅशच्या रीतीस आमच्या कामात दोन मर्यादा पडतात. व्हॉट्सॲप सामान्यतः चित्र पाठविताना ते आकुंचित करते, म्हणजे त्याचे बाइट बदलते. म्हणून मूळ चित्र व तेथून फिरून आलेली त्याची प्रत डोळ्यांस एक दिसली तरी त्यांचे हॅश भिन्न असतात. आणि दोन शाळांनी एकच चित्र चढविले असेल, उदाहरणार्थ केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धेचे, तर फाईल एकच राहते. एका शाळेने आपल्या पानावरून ते काढून टाकताना फाईलही पुसली तर दुसऱ्या शाळेचे पान रिकामे होते. पुसण्यापूर्वी ती फाईल आणखी कोणाच्या नोंदीत आहे काय हे पाहण्याची व्यवस्था नसेल तर ही रीत न स्वीकारलेली बरी. प्रस्तुत लेखकाच्या मते शाळांच्या चित्रांसाठी नाव यूयूआयडीचे असावे आणि हॅश नोंदवहीच्या एका रकान्यात लिहून ठेवावा. नाव व ठसा या दोन गोष्टी दोन ठिकाणी असल्या म्हणजे दोहोंचा उपयोग होतो, आणि पुढे फाईल बिघडली किंवा बदलली गेली तर तेही ताडून पाहता येते.

आता मुलांच्या संबंधाने. पुष्कळ शाळा बक्षीस मिळालेल्या मुलाचे चित्र त्याच्या पूर्ण नावाने, इयत्तेसह, क्वचित गावाच्या नावासह साठवितात. हेतू कौतुकाचा असतो. परंतु फाईलचे नाव पत्त्यात उघडपणे दिसते, शोधयंत्रे ते वाचतात, आणि चित्र उतरवून घेणाऱ्याकडे ते नाव चित्राबरोबर जाते. पुढे पालकांनी चित्राखालचा मजकूर काढावयास सांगितले आणि आपण तो काढला, तरी फाईलच्या नावात मूल तसेच राहते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली जो अधिनियम केला त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली आहे. आमच्या प्राथमिक शाळांतील प्रत्येक मूल या व्याख्येत येते. चढत्या क्रमांकाची रीत येथे उणी पडते ती याच कारणाने: ज्यास १००१ क्रमांकाचे चित्र दिसले तो सहज १००२, १००३ असे पत्ते टंकून, न दाखविलेली चित्रेही पाहू शकतो. यादृच्छिक नाव असे ओळखता येत नाही. तथापि अवघड नाव म्हणजे कुलूप नव्हे. ज्यास पत्ता मिळाला त्यास चित्र दिसणारच. जी चित्रे सर्वांस दाखवावयाची नाहीत ती मुळात उघड्या फोल्डरमध्ये ठेवू नयेत.

पाठविणाऱ्याचे नाव जसेच्या तसे न ठेवण्यास आणखी एक कारण आहे. फाईलच्या नावात दोन टिंबे व तिरकी रेघ आली तर संगणक त्याचा अर्थ ‘वरच्या फोल्डरमध्ये जा’ असा करतो. दुष्ट हेतूने असे नाव पाठविणारा आपली फाईल चित्रांच्या फोल्डरऐवजी भलतीकडेच ठेवू शकतो. नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारे जे प्रकारदर्शक उपपद, जेपीजी किंवा पीएनजी, त्यावरही विश्वास ठेवू नये. चित्र म्हणून पाठविलेल्या फाईलचे उपपद पीएचपी असेल तर सर्व्हर तिला चित्र न समजता आज्ञा समजून चालवूही शकतो. म्हणून प्रकार फाईलच्या अंतरंगावरून ठरवावा: पीएनजी फाईलच्या दुसऱ्या ते चौथ्या बाइटांत ‘पी’, ‘एन’, ‘जी’ ही अक्षरेच लिहिलेली असतात आणि जेपीजीचेही पहिले बाइट ठरलेले असतात. ते पाहावे, चित्र खरोखर उघडते याची खात्री करावी, आणि उपपद सर्व्हरने स्वतः लावावे. मूळ नाव टाकून मात्र देऊ नये. ते नोंदवहीच्या रकान्यात मजकूर म्हणून राहू द्यावे. शिक्षकास ‘मी पाठविलेले अमुक नावाचे चित्र कोठे आहे’ असे विचारावयाचे असते तेव्हा तोच एक धागा उपयोगी पडतो.

चित्र बदलावयाचे झाल्यास जुन्याच नावाने नवे चित्र ठेवू नये. लोकांचे संगणक व संच एकदा पाहिलेले चित्र आपल्याजवळ जपून ठेवतात आणि तोच पत्ता पुन्हा आला की सर्व्हरला न विचारता जुनीच प्रत दाखवितात. आपण चूक सुधारली तरी गावातील लोकांना चुकीचेच चित्र दिसत राहते. नव्या चित्रास नवे नाव दिले म्हणजे पत्ताच बदलतो आणि ही तक्रार उरत नाही.

हे सर्व काम संकेतस्थळ सांभाळणाऱ्याचे आहे. शिक्षकाने यूयूआयडी टंकीत बसावे असे कोणीही म्हणणार नाही. शिक्षकाने आपल्याजवळच्या प्रती मात्र स्वतःस वाचता येतील अशाच नावांनी ठेवाव्यात. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक, मग वर्ष-महिना-दिवस या क्रमाने दिनांक, मग त्या दिवसाचा अनुक्रमांक, अशी रचना इंग्रजी अंकांत केली तर पुरे होते. यूडायस क्रमांकात राज्य, जिल्हा, तालुका, गाव व शाळा ही क्रमाने येतात, महाराष्ट्रातील शाळांचा आरंभ २७ ने होतो; तेव्हा दोन शाळांची चित्रे एका पेटीत पडली तरी ती सरमिसळ होत नाहीत. वर्ष आधी लिहिले म्हणजे फाईली आपोआप कालक्रमाने लागतात. मूळ चित्र संकेतस्थळावर चढल्याबरोबर संचातून पुसून टाकण्याची जी घाई होते ती टाळावी. निदान पान उघडून आपल्या शाळेच्या नावाखाली आपलेच चित्र दिसते आहे, एवढे पाहावे.

आणि ज्यांच्याकडे सर्व्हर आहे त्यांनी चित्रांची राखीव प्रत काढताना डेटाबेसची प्रतही त्याच वेळी काढावी. या लेखात सांगितलेल्या रीतीने नावे दिल्यावर चित्रांच्या फोल्डरमध्ये केवळ अंक व अक्षरांच्या लांबच लांब ओळी असतात. कोणते चित्र कोणत्या वाडीचे, ते फक्त नोंदवही जाणते. हजारो चित्रे सुखरूप राहिली आणि नोंदवही गेली, तर ती सारी चित्रे पुन्हा एकेका शिक्षकापुढे ठेवून ‘ही शाळा कोणाची?’ असे विचारत फिरावे लागेल.